विमानापाशी उभी असलेली माणसं

‘कॅसाब्लांका’चा शेवट मी आजवर किती वेळा पाहिला असेल, याची गणती नाही. रात्रीची वेळ, धुकं, ओली चकचकणारी धावपट्टी, हॅट घातलेला हम्फ्री बोगार्ट आणि डोळ्यांत पाणी आलेली इन्ग्रिड बर्गमन. दोघांच्या मागे जरा लांब एक विमान उभं असतं आणि त्याच्यापाशी मेकॅनिक लोकांची लगबग चाललेली असते. ती दोघं काय बोलताहेत याकडे आपलं सगळं लक्ष असतं. मागच्या मेकॅनिकांकडे कोण बघणार?

ते विमान पुठ्ठ्याचं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. साल १९४२. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्री विमानतळावर दिवे लावून चित्रीकरण करायला बंधनं होती. म्हणून हा प्रसंग वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत, बंद छताखाली घेतला. तिथे खरं विमान उभं करणं शक्य नव्हतं, म्हणून लहान आकाराचं पुठ्ठ्याचं विमान बनवलं आणि त्याचा पुठ्ठा दिसू नये म्हणून धुकं सोडलं. पण नुसत्या धुक्याने भागत नाही. विमान केवढं आहे हे डोळ्याला कशावरून कळतं? त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसावरून. मग मेकॅनिकच्या कपड्यांत जी माणसं उभी केली, ती सगळी कमी उंचीची निवडली. माणूस अर्धा झाला की विमान आपोआप दुप्पट होतं.

हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप उघडून तो प्रसंग पुन्हा लावला. थांबवत, पुढे-मागे करत पाहिला. धुक्यात पांढुरक्या पोशाखातल्या आकृत्या दिसतात. चेहरे दिसत नाहीत, पण चाल दिसते. एकदा कळल्यावर ती चाल ओळखू येते, आणि मग बोगार्टकडे लक्ष लागत नाही.

त्याच प्रसंगात उंचीची आणखी एक लबाडी आहे. बोगार्ट बर्गमनपेक्षा किंचित बुटका होता. नायक नायिकेपेक्षा कमी दिसून कसं चालेल? म्हणून त्याच्या बुटांखाली उंचवटे लावले होते. म्हणजे एका माणसाला उंच दाखवायला बुटांखाली ठोकळे आणि एका विमानाला मोठं दाखवायला ही माणसं. बोगार्टचं नाव पडद्यावर सगळ्यांत आधी येतं. मेकॅनिकांचं येत नाही.

या माणसांबद्दल लिहायला बसलं की पहिली अडचण शब्दाची येते. आपल्याकडे शब्द रग्गड आहेत: ठेंगू, बुटका, खुजा, बुटबैंगण, दीडफुट्या. शाळेच्या मैदानात यातला प्रत्येक शब्द दगडासारखा भिरकावलेला मी ऐकला आहे. ‘खुजा’ तर आपण कर्तृत्वालाही लावतो. विचार खुजे, नेतृत्व खुजं. कौतुकाची म्हणावी अशी ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ ही म्हणसुद्धा मूर्तीवर बोट ठेवल्याशिवाय कीर्तीपर्यंत जात नाही. अमेरिकेतही तेच झालं. ‘मिजेट’ हा एके काळी जाहिरातीवर सर्रास छापला जाणारा शब्द; आज तो शिवी मानला जातो. १९५७ साली बिली बार्टी नावाच्या नटाने नेव्हाडातल्या रीनो गावी आपल्यासारख्या वीसेक जणांना एकत्र बोलावलं, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या नावात त्यांनी स्वतःसाठी निवडलेला शब्द आहे ‘लिटल पीपल’. मराठीत ‘छोटी माणसं’ म्हटलं की अर्थ भलतीकडेच जातो. म्हणून मी साधं ‘कमी उंचीची माणसं’ म्हणते. शब्द जरा लांब आहे, पण त्याने कुणाला लागत नाही.

आता ‘द विझार्ड ऑफ ओझ’. १९३९ चा हा सिनेमा आपल्याकडेही बऱ्याच घरांत पोचला आहे. कॅन्ससमधली डोरोथी वादळात उडून एका रंगीत गावात येऊन पडते, त्या गावातले रहिवासी म्हणजे मंचकिन. ते दृश्य जेमतेम काही मिनिटांचं. पण त्यासाठी एमजीएम या स्टुडिओला शंभरावर कमी उंचीची माणसं एकाच वेळी, एकाच जागी हवी होती, आणि अशी माणसं जमवून देऊ शकेल असा एक जण होता, लिओ सिंगर. मूळचा व्हिएन्नाचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथल्या करमणुकीच्या बागेत त्याने कमी उंचीच्या माणसांचं छोटं ‘शहर’ उभारलं होतं आणि मग ताफा घेऊन अमेरिकेत आला होता. त्याने स्टुडिओला १२४ जण पुरवायचं कबूल केलं. तेवढी माणसं त्याच्या स्वतःच्या ताफ्यात नव्हतीच. मग देशभर शोध सुरू झाला. सर्कशी, जत्रांमधले खेळ, नाटक मंडळ्या, आणि कधीच रंगमंचावर पाऊल न ठेवलेली साधी घरंसुद्धा. पूर्वेकडून बस भरभरून माणसं कॅलिफोर्नियात आली.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ती सगळी कल्व्हर सिटीत जमली. पुष्कळ जणांची सोय कल्व्हर हॉटेलात केली होती. ते सहा मजली हॉटेल आजही तिथे उभं आहे. पलंग नेहमीच्या मापाचे, म्हणून एकेका पलंगावर तिघं-तिघं आडवी झोपत. पुढे या मंडळींच्या मुलाखती झाल्या, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि मला ती फार मोठी वाटते. त्यातल्या कित्येकांनी तोवर आपल्या उंचीचा दुसरा माणूस पाहिलाच नव्हता. गावात आपण एकटेच, घरात आपण एकटेच. सतत मान वर करून बोलायचं. आणि एके दिवशी हॉटेलच्या दालनात शिरावं, तर समोर शंभर माणसं, सगळ्यांचे डोळे आपल्या डोळ्यांच्या रेषेत. मानेला किती विसावा मिळाला असेल.

त्यांच्यात कार्ल स्लोव्हर होता, मध्य युरोपातून आलेला. मुलाची उंची वाढावी म्हणून त्याच्या बापाने काय काय केलं ते त्याने म्हातारपणी सांगितलं. जमिनीत पुरलं, यंत्राला बांधून हातपाय ताणून घेतले. काहीच होईना तेव्हा नऊ वर्षांच्या पोराला बर्लिनमधल्या एका खेळवाल्यांच्या हवाली केलं. ‘ओझ’मध्ये तो तुतारीवाल्यांच्या पुढे आहे. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा छाती पुढे काढून चालणारा तो तुतारीवाला जरूर पाहा.

आणि माइनहार्ट राबे. विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कमी उंचीच्या माणसांचं ‘गाव’ मांडलं होतं, तिथे त्याला पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटली. १९३७ मध्ये त्याने विद्यापीठातून हिशेबशास्त्राची पदवी घेतली. हातात पदवी घेऊन नोकरीसाठी फिरला तर ऐकायला मिळालं, तुझी जागा जत्रेत आहे. सिनेमात तो मृत्यूची नोंद करणारा अधिकारी झाला. डोक्यावर रुंद काठाची वळलेली टोपी, हातात भलंमोठं प्रमाणपत्र, आणि चेटकीण खरोखर मेली आहे हे तो गाऊन जाहीर करतो. हिशेब तपासायला शिकलेल्या माणसाला कागद हातात धरायला मिळाला तो असा.

पण तो आवाज त्याचा नाही. पडद्यावर ऐकू येतात ते मंचकिनांचे आवाज बहुतांशी दुसऱ्या, नेहमीच्या उंचीच्या गायकांचे आहेत. सावकाश गाऊन घेतलेले आणि मग वेग वाढवून चिरके केलेले. म्हणजे शरीर यांचं, आवाज दुसऱ्याचा. नावही यांचं नाही. श्रेयनामावलीत सगळ्यांना मिळून एकच ओळ: ‘द सिंगर मिजेट्स’. मालकाचं आडनाव आणि त्यापुढे ती शिवी. शंभरावर माणसांत एकाचंही स्वतःचं नाव नाही.

पगार आठवड्याला पन्नास डॉलर. डोरोथीच्या कुत्र्याचं काम करणाऱ्या टेरी या कुत्रीचे आठवड्याला सव्वाशे डॉलर तिच्या मालकाला मिळत होते. ही तुलना मंचकिनांनी स्वतःच आयुष्यभर सांगितली. त्यांतला जेरी मारेन हसत हसत सांगायचा. मला हसता येत नाही. तो त्या वेळी अठरा वर्षांचा होता. तीन ठसकेबाज पोरं नाचत येऊन डोरोथीला मोठं चक्रीचं लॉलीपॉप देतात, त्यातला मधला, लॉलीपॉप हातात देणारा, तो जेरी. २०१८ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी तो गेला, तेव्हा प्रौढ मंचकिनांपैकी शेवटचा गेला.

या माणसांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे अफवा. दारू पिऊन धिंगाणा घातला, हॉटेल डोक्यावर घेतलं, पोलिसांना बोलवावं लागलं, वगैरे. १९६७ मध्ये डोरोथीचं काम केलेल्या ज्यूडी गारलंडने एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांचा ‘दारुडे’ असा उल्लेख करून लोकांना खूप हसवलं आणि ते कायमचं चिकटलं. १९८१ मध्ये तर त्यावर एक अख्खा विनोदी सिनेमा निघाला. प्रत्यक्षात ही मंडळी आठवड्याचे सहा दिवस पहाटे उठून रांगेत रंगभूषेला बसत आणि संध्याकाळपर्यंत जाड फेल्टच्या कपड्यांत, रंगीत चित्रपटाला लागणाऱ्या भयंकर प्रखर दिव्यांखाली उभी असत. शंभरात चार-दोन पिणारे निघाले असतील. कुठल्या शंभरांत निघत नाहीत? त्याहून वाईट अफवा नंतर आली. व्हिडिओ कॅसेटचा जमाना आल्यावर कुणीतरी शोध लावला की जंगलातल्या एका दृश्यात मागे एक मंचकिन झाडाला लटकून फास घेताना दिसतो. तो एक मोठा पक्षी आहे. जंगल जिवंत वाटावं म्हणून प्राणिसंग्रहालयातून आणलेले पक्षी तिथे सोडले होते. पक्षी पंख उघडतो आणि लोकांना त्यात मरणारं माणूस दिसतं. इतक्या सहज दिसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

याच एमजीएमने ‘ओझ’च्या सात वर्षं आधी, १९३२ मध्ये, ‘फ्रीक्स’ नावाचा सिनेमा काढला होता. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगने त्यात सर्कशीतली खरी माणसं घेतली: हातपाय नसलेली, शरीरं जोडलेली, कमी उंचीची. ज्या गोष्टीवरून तो सुचला ती ब्राउनिंगला दाखवली होती हॅरी अर्ल्स या कमी उंचीच्या नटाने, आणि मुख्य भूमिकाही त्यानेच केली. त्याच्या वाग्दत्त वधूचं काम केलं डेझीने, आणि ती त्याची सख्खी बहीण होती. स्टुडिओतल्या इतर लोकांना जेवताना ही माणसं समोर नको होती, म्हणून त्यांतल्या बहुतेकांची पानं बाहेर वेगळ्या तंबूत मांडली गेली. प्रेक्षक हादरले, सिनेमा कापून कापून तासाभराचा केला, ब्रिटनमध्ये त्यावर तीस वर्षं बंदी राहिली. विचित्र वाटेल, पण तो सिनेमा नीट पाहिला तर त्यात ही माणसं कपडे वाळत घालतात, बाळंतिणीला भेटायला जातात, एकमेकांची चेष्टा करतात. क्रूर आहेत ती धडधाकट, देखणी माणसं. आणि सात वर्षांनी हाच हॅरी, डेझी आणि त्यांच्या आणखी दोन बहिणी त्याच स्टुडिओत मंचकिन झाल्या. लॉलीपॉप देणाऱ्या तिघांत जेरीच्या शेजारी जो नाचतो, तो हॅरी. ज्याला पाहून लोकांच्या घशाखाली घास उतरेना, त्यालाच पाहून पुढे चार पिढ्यांची मुलं टाळ्या पिटत राहिली.

ही भावंडं मूळची जर्मनीतली. त्यांनी वेळेत देश सोडला होता. जे युरोपात राहिले त्यांचं काय झालं, हेही इथेच सांगायला हवं. ट्रान्सिल्व्हेनियातलं ओव्हिट्झ कुटुंब ज्यू होतं. त्यातली सात भावंडं कमी उंचीची आणि गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करणारी. मे १९४४ मध्ये त्यांना नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत नेलं. तिथे डॉक्टर मेंगेलेने त्यांना ‘प्रयोगा’साठी बाजूला काढलं, आणि त्या यातनांतून सातही जण जिवंत बाहेर आले. त्यांच्यातली पेर्ला २००१ पर्यंत होती. कल्व्हर सिटीत लोक लॉलीपॉपवाल्यांना पाहून हसत होते तेव्हा जग त्यांच्या अशा नातलगांसाठी काय तयार करत होतं, हे मला वेगळं काढता येत नाही.

युद्धावरून पुन्हा विमानाकडे येते. या विषयातली सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती.

‘कॅसाब्लांका’ बनत होता त्याच वर्षांत अमेरिकेतले विमानांचे कारखाने रात्रंदिवस चालू होते. विमानाच्या पंखाचा पत्रा रिव्हेटने जोडतात. बाहेरून एक जण बंदुकीसारख्या यंत्राने रिव्हेट ठोकतो, तेव्हा आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो, तरच रिव्हेटचं टोक चपटं होऊन बसतं. आता पंखाच्या आत, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या पोकळीत, माणूस शिरणार कसा? तिथे कमी उंचीची माणसं शिरत. मिशिगनमध्ये फोर्डच्या विलो रन कारखान्यात ती कामाला होती, कॅलिफोर्नियातही होती. सांता मोनिकाच्या डग्लस कारखान्यात रूथ डुचिनी होती. तीच, जी चार वर्षांपूर्वी मंचकिन म्हणून गावकऱ्यांच्या गर्दीत उभी होती. अंधार, पत्र्यावर बसणाऱ्या ठोक्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, दोन्ही बाजूंनी अंगाला टेकलेला थंड ॲल्युमिनियम, आणि हातांत तो ठोकळा. २०१४ मध्ये ९५ व्या वर्षी गेली तोवर ती सिनेमाइतक्याच अभिमानाने या कामाबद्दल सांगायची. माइनहार्ट राबेला लष्कराने उंचीमुळे घेतलं नाही, म्हणून तो नागरी हवाई गस्तीच्या दलात वैमानिक झाला.

म्हणजे एकीकडे स्टुडिओत पुठ्ठ्याच्या विमानाभोवती ही माणसं उभी केली जात होती, ते मोठं दिसावं म्हणून. आणि काही मैलांवर खऱ्या विमानाच्या पोटात शिरून ही माणसं ते उडण्यालायक करत होती. मी दोन्ही दृश्यं डोळ्यांसमोर शेजारी-शेजारी ठेवते आणि मला राहून राहून वाटतं, सिनेमावाल्यांनी कॅमेरा चुकीच्या विमानासमोर लावला होता.

पुढच्या काळात ही माणसं आणखी आत गेली, थेट पोशाखाच्या आत. ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू-डी-टू हा ड्रमसारखा यंत्रमानव आठवत असेल. त्याच्या पोटात केनी बेकर होता, बर्मिंगहॅमचा, उंची तीन फूट आठ इंच. त्याची आणि जॅक पर्विसची गाण्या-विनोदाची जोडी तेव्हा चांगली चालली होती, त्यामुळे डब्यात बसायचं काम त्याने आधी नाकारलं होतं. मित्राला सोडून जायचं नव्हतं. मग जॅकलाही त्याच सिनेमात काम मिळालं. ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या उन्हात त्या धातूच्या पिंपात बसून केनीने त्या यंत्राला जो लाडिक हट्टीपणा दिला, तो पाहून आपण यंत्रावर जीव लावला. ‘ई.टी.’च्या पोशाखात आळीपाळीने तिघं होती: पॅट बिलन, तमारा डी ट्रो आणि जन्मतःच पाय नसलेला एक शाळकरी मुलगा, मॅथ्यू डिमेरिट. ई.टी. स्वयंपाकघरात बिअर पिऊन झोकांड्या खातो, तोंडावर आपटतो, तेव्हा आत मॅथ्यू हातांवर चालतो आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’साठी चार फुटांहून कमी उंचीची माणसं हवीत, असं एका आजीने रेडिओवर ऐकलं आणि आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला पाठवलं. तो वॉरविक डेव्हिस. विकेट या अस्वलासारख्या पात्राचं काम खरं तर केनी बेकर करणार होता. तो आजारी पडला आणि पोराचं नशीब उघडलं.

आणि किरण शहा. नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा, उंची चार फूट दोन इंचांच्या आसपास. जगातला सर्वांत कमी उंचीचा स्टंटमॅन म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये फ्रोडो लांबून, पाठमोरा, उंच माणसांशेजारून चालताना दिसतो, तेव्हा तो बऱ्याचदा किरण शहा असतो, नायकाच्या चेहऱ्याचा मुखवटा चढवून. त्याच सिनेमातल्या गिमली या बुटक्या योद्ध्याचं काम करणारा जॉन ऱ्हिस-डेव्हिस सहा फूट एक इंच उंच आहे.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. उंच नटाला बुटकं करून दाखवण्याच्या करामतीचं आपल्याला फार कौतुक. ‘अप्पू राजा’त कमल हासन गुडघ्यांवर बूट चढवून वावरला. मी लहानपणी तो पाहून थक्क झाले होते आणि आजही त्या मेहनतीला मान देते. ‘झिरो’त शाहरुख खानला संगणकाने लहान केलं. २०१२ मध्ये हॉलिवूडने हिमगौरीच्या एका सिनेमात सगळ्याच बुटक्यांच्या भूमिका नेहमीच्या उंचीच्या नटांना देऊन त्यांना संगणकाने आखूड केलं, तेव्हा कमी उंचीच्या नटांनी जाहीर विरोध केला. २०२५ च्या हिमगौरीत तर सातही जण संगणकानेच बनवले. त्याआधी पीटर डिंकलेज या कमी उंचीच्या अमेरिकन नटाने, बुटक्यांची तीच जुनी गोष्ट पुन्हा कशाला, असा प्रश्न विचारला होता. त्यावर त्याच्याच समाजातले काही नट चिडले. म्हणाले, तुला राजपुत्राचं काम मिळतं, आम्हाला वर्षातून हे एकच मिळतं. मला दोघांचं पटतं. पण दिग्दर्शकांनी या भांडणातून सोयीचा अर्थ काढला: माणसंच नकोत. रोआल्ड डालच्या गोष्टीतल्या चॉकलेट कारखान्यातले बुटके कामगार, उम्पा-लुम्पा, १९७१ मध्ये म्युनिकला चित्रीकरण झालं तेव्हा दहा नटांनी केले. २००५ मध्ये एकट्या दीप रॉयने, हाही नैरोबीत जन्मलेला भारतीय, १६५ जणांचं काम केलं. प्रत्येकाच्या हालचाली वेगवेगळ्या करून. २०२३ मध्ये ते काम ह्यू ग्रँटकडे गेलं. दहा, मग एक, मग शून्य.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लबाडीने घडलेली नाही. सिंगरच्या ताफ्यातल्या बहुतेकांची उंची शरीरातल्या वाढीच्या संप्रेरकाच्या कमतरतेमुळे खुंटलेली होती. १९५८ पासून त्यावर उपचार सुरू झाले, १९८५ मध्ये कृत्रिम संप्रेरक आलं. तसे मंचकिन आज जमवायचे म्हटले तरी जमणार नाहीत. राबे, रूथ, जेरी, स्लोव्हर यांच्यासह जिवंत असलेल्या सात जणांच्या उपस्थितीत २००७ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर मंचकिनांच्या नावाचा तारा बसवला गेला. तोही सगळ्यांना मिळून एक.

आपल्या नागपूरची ज्योती आमगे २०११ मध्ये, अठराव्या वाढदिवशी, जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री ठरली, ६२.८ सेंटिमीटर. तीन वर्षांनी ती एका अमेरिकन मालिकेत झळकली. गोष्ट फ्लोरिडातल्या जुन्या जत्रेतल्या तंबूची, म्हणजे ‘फ्रीक्स’च्याच जगाची. पण श्रेयनामावलीत तिचं नाव होतं. नाव आणि आडनाव.

मला नावाचं इतकं का लागून राहिलं, ते सांगते. आमचं गाव सांगलीजवळचं. भारतातली पहिली सर्कस काढणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांचं अंकलखोप आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे सर्कस आली की गाव आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं हलायचं. वडील पोस्टात कारकून. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. अशाच एका शनिवारी मनिऑर्डरच्या खिडकीसमोरच्या रांगेत सर्कशीतला विदूषक उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, घड्याळाच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं जादा भोक, केसांत पांढरे. वय पन्नाशीचं असेल. खिडकीची फळी त्याच्या डोक्याच्या वर होती. मागून कुणीतरी म्हणालं, “उचलून धरू का रे?” रांग हसली.

वडील आतून उठले, दार उघडून बाहेर आले. “या, बसा,” म्हणाले आणि त्याच्याबरोबर बाकावर बसले. फॉर्म पुढे करून विचारलं, “पाठवणाऱ्याचं नाव?” त्याने वडिलांच्या खिशातलं शाईपेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं. टपोरं, एका रेषेत. मी वाकून वाचलं. वडिलांनी पैसे मोजले, पावती फाडून दिली आणि ते नाव ‘जी’ लावून पूर्ण उच्चारलं.

संध्याकाळी आम्ही सर्कशीला गेलो. तोंडाला पांढरा रंग, लाल नाक, ढगळ चड्डी. रिंगमास्टरने “छोटू!” अशी हाक मारली आणि तो कोलांट्या खात रिंगणात आला. शेजारचे काका पोट धरून हसत होते. मी त्यांची बाही ओढली.

“काका, त्यांचं नाव छोटू नाहीये.”

“मग काय आहे गं?”

मी सांगितलं. आडनावासकट.